जमिनीखालची बहीण

शुक्रवारी सकाळी इन्साफ बहिणीच्या बाळंतपणासाठी अरमंतला निघाली आणि नऊ वर्षांची नव्वारा दिवसभरासाठी बापाच्या गळ्यात पडली. एरवी रफअत लेकीवर जीव टाकायचा. लग्नानंतर अकरा वर्षं वाट पाहून झालेली एकुलती एक पोर होती ती. पण त्या दिवशी त्याच्याकडे पाच पाहुणे होते, आणि पाहुण्यांसमोर रफअत कोणाचा बाप किंवा कोणाचा नवरा राहत नसे. तो फक्त गाइड असे. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र आणि चार भाषांत तेच ते विनोद. नाईलच्या पश्चिम काठावर गाइड ढिगाने आहेत, पण आपण विद्यापीठात शिकलो हे दिवसातून तीनदा सांगणारा तो एकटाच.

इन्साफ पिकअपमध्ये चढली, पिशवी मांडीवर घेतली आणि लेकीला म्हणाली, "शहाता, बाबांना त्रास देऊ नकोस गं."

रफअतच्या कपाळाला आठी पडली. शहाता म्हणजे भिकारीण. उशिरा झालेलं लेकरू जगावं म्हणून इन्साफने सात घरी हात पसरून जुनी कापडं मागून आणली होती, त्यांचंच पहिलं अंगडं शिवलं होतं आणि हे नाव ठेवलं होतं. भिकारणीवर कोणाची नजर जाते? कुर्ना गावात अशी नावं घरोघरी सापडतात. रफअतला ते सहन झालं नाही. त्याने कागदावर नव्वारा लावलं, म्हणजे बहर, आणि दुसरं नाव घरात काढायचं नाही असा दम भरला. इन्साफने तो दम नऊ वर्षं या कानाने ऐकून त्या कानाने सोडला होता.

"आणि अहो, तिला कबरीत नेऊ नका."

"बरं."

"बरं नको. नेणार नाही म्हणा."

"नेणार नाही," रफअत म्हणाला. तेव्हा त्याला तसंच वाटत होतं.

सहल छोटीच होती, अडीच तासांची. आधी रस्त्याकडेचे दोन प्रचंड पुतळे. तिथे नव्वारा एका पुतळ्याच्या सावलीत बसून, आईने उन्हात फुगवून भाजलेला पाव खात राहिली. पाहुण्यांमध्ये लुर्देस नावाची पोर्तुगालची एक म्हातारी होती, निवृत्त दातांची डॉक्टर. तिने पुतळ्याच्या फुटक्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "जबडाच गेलाय. माझ्याकडे फार उशिरा आणलात." सगळे हसले. रफअतने तो विनोद मनात टिपून ठेवला. मग देऊळ. तिथे आडव्या पडलेल्या राजाच्या पुतळ्याच्या खांद्यावर एक सरडा ऊन खात होता, आणि नव्वारा त्याच्याशी बोलत होती. पाहुण्यांना राजापेक्षा तीच जास्त आवडली. रफअतला मनातून बरं वाटलं, पण तसं दाखवेल तर तो रफअत कसला.

शेवटी केन्हेरची कबर. केन्हेर म्हणजे कुठल्याशा फारोच्या धान्यकोठारांचा अधिकारी. डोंगराच्या अंगात खोदलेल्या दोन खोल्या, एवढीच कबर, पण रंग असे की काल सुकलेत. रफअतचा बेत होता की पोरीला गाडीत ड्रायव्हरपाशी ठेवायचं. पण गाडी थांबली आणि ड्रायव्हरने चपला हातात घेतल्या. "उस्ताद, जुम्म्याची नमाज," असं म्हणत तो उताराने पळालासुद्धा. खालच्या गावातून भोंग्यावरचं प्रवचन ऐकू येत होतं. टेकडीवर चिटपाखरू नव्हतं. गाडीचा पत्रा तव्यासारखा तापला होता. तिथे पोरीला एकटी ठेवणं शक्यच नव्हतं.

"हात धरून चालायचं. काही शिवायचं नाही," तो नव्वाराला म्हणाला.

कबरीच्या तोंडाशी राखणदार दरदीरकाका बसला होता. सत्तरीचा, अंगात गलबिया म्हणजे लांब निळा झगा, मांडीवर आरसा. आरसा त्याच्या लग्नातल्या कपाटाच्या दाराचा होता. कपाट गेलं, बायको गेली, आरसा राहिला. वीज गेली की तो बाहेर उभा राहून आरशाने ऊन आत सोडायचा, आणि आत गाइडने चांदीचा कागद लावलेली फळी धरून ते ऊन हवं त्या भिंतीवर फिरवायचं. त्याच्या बापाने हेच केलं होतं, आणि बापाच्या बापानेही.

"सकाळपासून वीज नाही," दरदीरकाका म्हणाला. मग त्याची नजर पोरीवर गेली आणि तो उठून उभा राहिला. "हिला कशाला आणलंस?"

"काका, ऊन सोडा."

पाहुणे आत उतरू लागले. तिसऱ्या पायरीवर नव्वाराची चप्पल अडकली आणि ती उंबऱ्यातच गुडघ्यावर आपटली. गुडघा चांगलाच खरचटला, रक्त आलं.

कुर्न्यात लेकरू पडलं की जवळ असेल तो माणूस, सख्खा असो की वाटेवरचा, आधी एक वाक्य म्हणतो. "अल्लाचं नाव तुझ्यावर, आणि तुझ्या बहिणीवर." ही बहीण जमिनीखालची. वर एक जन्मतं तेव्हा खाली त्याच्या जोडीचं एक जन्मतं. वरचं पडलं की खालच्याला लागतं. तिची आठवण काढली नाही तर तिला राग येतो. हे वाक्य म्हणायला एक श्वास पुरतो.

दरदीरकाका रफअतच्या तोंडाकडे बघत थांबला. बापाचा मान पहिला. पण पाच पाहुणे मागे वळून बघत होते, आणि त्यांच्यापुढे जमिनीखालच्या बहिणीला सलाम करायचा, म्हणजे विद्यापीठात शिकल्याचा उपयोग काय?

"ऊठ. काही नाही झालं," तो म्हणाला.

"अल्लाचं नाव..." दरदीरकाकाने सुरुवात केली.

"काका, आरसा धरा."

म्हाताऱ्याने तोंड मिटलं आणि आरसा धरला.

आत गार होतं. वटवाघळांचा आणि जुन्या धुळीचा वास होता. रफअतने फळी तिरकी केली आणि उन्हाचा एक चौकोन भिंतीवर चढला. गहू कापणारे लोक, बदकं, द्राक्षं. मग केन्हेर आणि त्याची बायको, खुर्चीवर शेजारी शेजारी, पुढे पावांनी भरलेलं टेबल. आणि खुर्चीखाली बसलेली एक लहान मुलगी, हातात कमळ. तिला चेहरा नव्हता. कोणीतरी तीन हजार वर्षांपूर्वी छिन्नी घेऊन तिचा चेहरा आणि डोक्यावर लिहिलेलं नाव खरवडून टाकलं होतं. आईबाप शाबूत होते. पोर तेवढी पुसलेली.

हिच्याविषयी प्रत्येक पाहुणा विचारायचा. कोण ही? नाव काय? रफअत पूर्वी "माहीत नाही" म्हणायचा, आणि ते म्हणताना त्याच्या जिवावर यायचं. नऊ वर्षांपूर्वी, लेक झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी, तो असाच इथे उभा होता. आनंद नुसता उतू जात होता. कोणीतरी विचारलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "नव्वारा." पाहुणे खूश झाले. मग ती सवयच पडली. पुढे त्याने त्यात भर घातली. जुन्या लोकांची श्रद्धा होती, मेलेल्याचं नाव घेतलं की तो जेवतो, तेव्हा चला, सगळे मिळून तीनदा म्हणूया. हजारो लोकांनी, मोडक्यातोडक्या उच्चारांत, या खोलीत त्याच्या लेकीचं नाव घेतलं होतं. दरदीरकाका तेव्हाच म्हणाला होता, "पोरा, घरची भाकरी रोज परक्या ताटात वाढतोयस." रफअतने ते हसण्यावारी नेलं होतं.

आज लेक शेजारी होती, म्हणून तो चौकोन त्या खुर्चीवरून पटकन पुढे सरकवणार होता.

"थांबा थांबा," लुर्देस म्हणाली. "हीच ना ती? माझी बहीण चार वर्षांपूर्वी आली होती. तिने सांगितलं होतं, नाव नक्की विचार. काय बरं... नव्वारा."

"बाबा," नव्वारा हळूच म्हणाली. "ते तर माझं नाव आहे."

पाहुण्यांपैकी कोणाला अरबी येत नव्हतं. लुर्देसने पुढचंही सांगून टाकलं, तीनदा म्हणायचं असतं ते. आणि पाचही जण, हौसेने, एका सुरात म्हणाले. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा नाव संपता संपता ऊन गेलं.

असा अंधार झाला की हातातली फळी दिसेना. रफअतने लेकीचा हात चाचपला. हात नव्हता.

"काका, आरसा," तो ओरडला. वरून उत्तर आलं नाही. कोणीतरी मोबाइल काढला, त्याच्या उजेडात नुसती धूळ दिसली. मग जसं गेलं तसंच ऊन परत आलं आणि भिंतीवर येऊन थांबलं. पाच पाहुणे जागच्या जागी होते. नव्वारा नव्हती.

खोली ती केवढीशी. कोपऱ्यात एका मोडक्या खांबाचा बुंधा, तेवढाच आडोसा. रफअतने त्याच्यामागे बघितलं, हात फिरवला. काही नाही. पायऱ्यांवरून कोणी गेलं असतं तर वर दरदीरकाकाने पाहिलं असतं.

"नव्वारा!"

"आले, बाबा..."

आवाज तिचाच होता. पण तो आतल्या खोलीतून आला, आणि खालून. आतल्या खोलीत मधोमध खोल भुयार होतं, प्रेत उतरवायचं. त्याच्या भिंतीत पाय ठेवायला खोबणी होत्या, आणि तोंडावर जाड फळ्यांचं झाकण.

"खाली पडली," लुर्देस म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "उघडा ते. लवकर."

रफअत फळ्यांवर गुडघे टेकून बसला. "नव्वारा, लागलं का गं?"

"आले, बाबा..." आवाज जरा वर आला होता. खडीवर पाय घासावा तसा एक बारीक आवाजही आला.

"काका! किल्ली!"

दरदीरकाका धापा टाकत आत आला. बाहेर आरसा त्याने दगडाला टेकवून ठेवला होता, म्हणून ऊन होतं. किल्ली त्याच्या गळ्यात होती. त्याने ती मुठीत धरली आणि दिली नाही.

"द्या ना ती. माझी लेक खाली आहे."

"कुलूप बघ, पोरा," म्हातारा म्हणाला.

रफअतने बघितलं. झाकणाला लोखंडी पट्टी होती, पट्टीला कुलूप, आणि कुलपावर हिवाळ्यापासूनची धूळ, बोटभर. कोणी हातही लावला नव्हता.

"लेकरू खाली गेलं कुठून?" दरदीरकाका अगदी हळू बोलत होता. "तू हाक मारतोस आणि खालची ती एक खोबण वर येते. मी बाहेरून ऐकलं. नाव घेऊन हाक मारू नकोस. ते नाव तू नऊ वर्षं भिंतीवर तिला भरवलंस. आता ते तिचं आहे. ती ओ देणारच."

"काका, हे असलं काही..." रफअत म्हणू लागला. त्याच्या गुडघ्याखाली फळी हलकेच वर उचलली गेली आणि खाली बसली.

पाहुण्यांनी ते पाहिलं. 

रफअतच्या तोंडचं पाणी पळालं. विद्यापीठ, चार भाषा, ओळखपत्र, सगळं कुठल्या कुठे गेलं. अकरा वर्षं इन्साफ रोज रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायची, ते त्याला आठवलं. सात घरची चिंध्यांची गाठोडी घेऊन आली तेव्हा ती केवढी हसत होती, तेही आठवलं. त्याने ती गाठोडी पायाने बाजूला सारली होती. हाक मारायची तर कोणत्या नावाने, हे आता त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. 

"शहाता," तो म्हणाला.  त्याने पुन्हा म्हटलं. "शहाता... अगं ए भिकारणी... ये गं बाई माझ्याकडे."

खालचा आवाज थांबला.

मागे, बाहेरच्या खोलीत, कोणीतरी नाक ओढलं. त्या मोडक्या खांबाच्या बुंध्यामागे, जिथे त्याने दोनदा हात फिरवला होता, तिथे ती बसली होती. गुडघे पोटाशी घेतलेले, गालांवर धुळीत ओघळ. रफअतने तिला उचलली, तिचं डोकं, कान, हात, बोटं चाचपून पाहिली, आणि मग तो पाचही पाहुण्यांसमोर ढसाढसा रडला. त्याचा जीव भांड्यात पडला होता, आणि ते कोणी बघतंय याची त्याला लाज वाटली नाही.

"ओ का दिली नाहीस गं? मी केवढ्याने हाका मारत होतो."

"तुम्ही तिला हाका मारत होतात," ती म्हणाली. "मला वाटलं, मी नको आहे."

रफअतने तिला आणखी घट्ट धरलं. मग आतल्या खोलीकडे तोंड केलं आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अल्लाचं नाव तुझ्यावर, आणि तुझ्या बहिणीवर. नाव तिलाच राहू दे. चूक माझी होती, तिची नाही."

फळी पुन्हा हलली नाही.

बाहेर ऊन होतं, वारा होता, खाली नमाज संपून माणसं घरी निघाली होती, आणि हे सगळं इतकं रोजचं होतं की रफअतला त्या उन्हाचासुद्धा मुका घ्यावासा वाटला. दरदीरकाकाने शेगडीवर काळा चहा ठेवला आणि प्रत्येक पेल्यात चार चार चमचे साखर घातली. लुर्देसने पोरीचं तोंड उघडून दात पाहिले. दुसरं काय तपासायचं हे तिला सुचत नव्हतं. "उत्तम आहेत," ती म्हणाली आणि खाली बसली.

"तुम्ही आरसा हलवलात का मघाशी?" रफअतने काकाला बाजूला घेऊन विचारलं.

"चाळीस वर्षांत हात हलला नाही माझा," म्हातारा म्हणाला. "ऊन मी सोडलं होतं. ते आत पोचलं नाही. चहा पी."

दुसऱ्या दिवशी इन्साफ भाचा झाल्याची गोड बातमी घेऊन आली. रफअतने तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. तिने लेकीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "नेणार नाही म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"सात घरी भीक मागितली तेव्हा मला अडाणी म्हणालात."

"म्हणालो. अडाणी मीच."

"हे लिहून द्या," इन्साफ म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. मग तिला रडूही आलं. त्या दिवसापासून घरात, गल्लीत, विहिरीवर, पोरगी शहाताच झाली. केन्हेरच्या कबरीत रफअत आता पाहुण्यांना सांगतो की या मुलीचं नाव कोणालाच माहीत नाही. असं म्हणताना त्याच्या जिवावर येत नाही.

राहिली शाळा. पंधरा दिवसांनी तो पटावरचं नाव बदलून घ्यायला गेला. वर्गाच्या बाई वह्या तपासत होत्या.

"नव्वारा चांगलं नाव आहे की हो. बदलायचं कशाला? मुलगी हजेरीला रोज किती छान ओ देते." मग त्यांनी चष्मा काढला. "फक्त एक सांगा तिला. बसते पुढच्या बाकावर आणि आवाज काढते मागून. कसं करते कोण जाणे. बाकीच्या मुली सारख्या मागे वळून बघतात."

रफअत बाहेर आला. शहाता फाटकाशी सूर्यफुलाच्या बिया सोलत उभी होती.

"वर्गात मागून आवाज काढतेस म्हणे."

"मी कुठे? मी ओ देतच नाही," ती म्हणाली. "ते माझं नाव नाही ना. मी गप्प बसते."

 रफअत पुन्हा आत गेला आणि बाईंना म्हणाला, "पटावर ते नाव तसंच राहू द्या. त्याच्याखाली आणखी एक लिहा, शहाता." बाईंना काही कळलं नाही, पण त्यांनी लिहिलं.

घरी जाताना वाटेत कालव्याच्या पुलावर शहाता ठेचकाळली आणि पडली. रस्त्यावर माणसं होती, दोन गाढवगाड्या होत्या, त्याच्या ओळखीचा एक गाइडही होता. रफअत भर रस्त्यात ओरडला, "अल्लाचं नाव तुझ्यावर, आणि तुझ्या बहिणीवर."

ती उठली, फ्रॉक झटकला.

"मला नाही लागलं," ती म्हणाली. मग तिने मागे वळून, पुलावरच्या एका रिकाम्या जागेकडे पाहिलं. "तिलाही नाही."